फुफ्फुसातील रक्ताची गुठळी

पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत साकळलेले रक्त सुटून, हृदयाच्या उजव्या बाजूतून जाऊन फुफ्फुसाच्या रोहिणीत अडकणे म्हणजे फुफ्फुसी अंतर्कीलन. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी, नुकती बाळंतीण, कर्करोगाचा रुग्ण यांना धोका अधिक. गणपतीला रात्रभर बसमध्ये अवघडून येणाऱ्या चाकरमान्यालाही तो थोडा असतो. 4 तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासाने धोका सुमारे दुप्पट होतो, पण मुळातच तो फार कमी.

अचानक धाप, श्वास ओढताना बरगडीत चमक, जलद नाडी, क्वचित खोकल्यातून रक्त किंवा थेट भोवळ ही लक्षणे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळायला देण्याआधी दोन्ही पोटऱ्या पाहाव्यात. एकच सुजलेली असेल तर संशय बळावतो. लाल विंचवाच्या दंशानंतरही फुफ्फुसात पाणी होऊन धाप लागते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे ती कोकणात चटकन ओळखली जाते. गुठळीच्या रुग्णाला मात्र ‘विंचू चावला’ असे सांगता येत नाही.

ईसीजी आणि एक्सरे अनेकदा साधेच येतात. त्यांचा उपयोग हार्ट अटॅक, न्यूमोनिया वगळायला. शक्यता कमी वाटत असताना डी-डायमर ही रक्ततपासणी नॉर्मल आली, तर गुठळी जवळपास नाकारता येते. वाढलेली आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही: गरोदरपणात, जंतुसंसर्गात, फुरसे किंवा घोणस चावल्यावरही ती वाढते. खात्री सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने होते, आणि त्यासाठी गावातून बऱ्याचदा तालुका ओलांडावा लागतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. म्हणूनच संशय दाट असेल आणि रक्तस्रावाचे भय नसेल, तर सीटीची वाट न पाहता डॉक्टर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन सुरू करतात.

हेपॅरिन गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर सावकाश करते. रक्तदाब कोसळला तरच अल्टेप्लेजसारखे गुठळी फोडणारे औषध; त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पुढे किमान 3 महिने रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या. त्यांतल्या वॉरफेरिनवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) 2 ते 3 दरम्यान ठेवतात. पावसाळ्यात अळू, शेवग्याचा पाला ताटात एकदम वाढला, की त्यांतल्या के जीवनसत्त्वाने तो खाली येतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखे राखायचे. अपिक्साबान, रिव्हारॉक्साबान या नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही. मात्र गोळी चुकवली तर त्यांचा परिणाम दिवसभरातच ओसरतो.