टायरची असमान झीज

गाडीचा टायर सगळीकडून सारखा न घासता एका कडेला, मधोमध किंवा ठिकठिकाणी जास्त घासला जाणं. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, याला सरळ ‘गाडी टायर खाते’ म्हणतात, आणि नक्षी पार गेली की ‘टायर गोटा झाला’. खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे आडवे उंचवटे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की कायद्यानेही टायर संपला.

दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला भाग गेला तर हवा जास्त, हे कोष्टक बहुधा जुन्या क्रॉस-प्लाय (आत तिरपे, एकमेकांवरून जाणारे धाग्यांचे थर असलेल्या) टायरांच्या काळातलं असावं. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियलचं (आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे असलेल्या टायरचं) पेटंट घेतलं, त्या टायरात नक्षीखाली स्टीलचे पट्टे असतात, त्यामुळे हवा थोडी जास्त झाली म्हणून मधला भाग लगेच झिजत नाही. कमी हवेचं मात्र अजूनही तसंच आहे. हवा थंड टायरातच मोजायची, नवी मुंबईच्या पामबीच रोडवरून गाडी पळवत आणून लगेच मोजली तर काटा वर दाखवणारच.

खरा वाद आतल्या कडेचा. टायरवाले बघताक्षणी ‘कॅम्बर आउट’ म्हणतात, म्हणजे समोरून बघितल्यावर चाक वरून आत झुकलंय. दुसरं मत ‘टो’चं, म्हणजे चाकं सरळ पुढे न बघता आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं: वरून बघितल्यावर पुढची चाकं बाहेर फाकलेली, फेंगडी. दोन्हींत आतलीच कडा जाते म्हणून घोळ होतो, पण दुसरं मत जास्त पटतं, कारण थोडा कॅम्बर (चाकाचा झुकाव) कंपनीच ठेवते आणि तेवढ्याने टायर फारसा झिजत नाही, तर टोमध्ये चाक सतत आडवं घासत असतं. एक चाक पाव अंशाने चुकलं तरी दर किलोमीटरला साधारण ४.४ मीटर आडवी घसट, म्हणजे ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख या दहाएक किलोमीटरात चाळीसेक मीटर!

ओळखायला तळहात पुरतो. नक्षीवरून आडवा फिरवायचा, बाहेरून आत नेताना करवतीसारखं टोचलं आणि आतून बाहेर गुळगुळीत लागलं तर टो बाहेर गेलाय. दोन्हीकडून गुळगुळीत पण कड उतरती असेल तर कॅम्बरचा संशय घ्यावा. टो टाय रॉडवर (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) सेट होतो, कॅम्बर बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनीने ॲडजस्टेबल ठेवलेलाच नसतो, म्हणून त्याचे वेगळे पैसे मागितले तर कोनांचं आधीचं आणि नंतरचं प्रिंटआउट मागावं (मागितल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो). लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश किंवा टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) ढिले असतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन, टिकतच नाही, पावसाळ्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर एक खड्डा जोरात बसला की स्टिअरिंग वाकडं, टो गेला. आतली कड सरळ चाकात दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून बघायची, नाहीतर तार बाहेर आल्यावरच कळतं.

ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर बहुतेक शॉकॲब्सॉर्बर गेलेत, कधी बॅलन्सिंगही (चाकाचं वजन सगळीकडून सारखं असणं). एकाच जागी सपाट चट्टा म्हणजे ब्रेक लॉक होऊन चाक घसटलंय.