एम्बेडेड सिस्टीम

एखाद्या उपकरणाच्या पोटात बसून फक्त त्या उपकरणाचे काम सांभाळणारा छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड सिस्टीम. पुस्तकी मराठीत ‘अंतःस्थापित प्रणाली’. इंडक्शन शेगडी, डिजिटल वीजमीटर, एसीचा रिमोट, मोटारीतील एअरबॅग या सगळ्यांत तो असतो. खोक्यावर ‘स्मार्ट’ छापलेले असो वा नसो, त्याने काही फरक पडत नाही.

त्याचा गाभा म्हणजे मायक्रोकंट्रोलर. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिना, असे सारे एकाच चिपवर. इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१ ही चिप भारतातील डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्यात प्रोग्रॅमसाठी ४ केबी आणि चालू कामासाठी अवघे १२८ बाइट होते. अक्षरे साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट खाते. म्हणजे या नोंदीची एक ओळसुद्धा तिथे जेमतेम मावेल. तरी टाइमर, कुलूप, खेळणी चालवायला एवढे पुरते.

वॉशिंग मशीनला पाणी किती भरले हे कसे कळते? टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढले की नळीतील हवा दाबली जाते, वरच्या टोकाचा सेन्सर तो दाब मोजतो आणि ठरलेला आकडा आला की चिप पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करते. नळीत साबणाचा चिकटा साचला, तर प्रोग्रॅम बिनचूक असूनही अंदाज चुकतो. चिपला पाणी दिसत नाही, दिसतो तो फक्त दाब.

उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावे लागते. एअरबॅगला धडक ओळखून उघडायला सेकंदाचा काही शतांश भागच मिळतो.

शिवाय प्रोग्रॅम अडकला तर सावरायला जवळ कोणी नसते. म्हणून चिपमध्ये ‘वॉचडॉग टाइमर’ असतो. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात त्याला हजेरी द्यायची. हजेरी चुकली की तो चिप रीसेट करतो. घरी हेच काम आपण बटण बंद-चालू करून करतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक मात्र तिथे वारंवार रीसेट होऊ लागला. कमी महत्त्वाच्या कामाने अडवून ठेवलेल्या सामायिक साधनापायी महत्त्वाचे काम खोळंबत होते आणि हजेरी चुकत होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच घोटाळा घडवून पाहिला आणि दुरुस्ती रेडिओवरून मंगळावर पाठवली.