गरम झाल्यावर हायड्रॉलिक का बसतं?

जुना ट्रॅक्टर सकाळी हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टने, नांगर सहज उचलतो. दोन-तीन तास काम झालं, तेल तापलं, की तोच नांगर अर्ध्यावर अडतो किंवा उचललेला हळूहळू खाली येतो. यावर दोन ठरलेली निदानं ऐकायला मिळतात. एक, 'तेल पातळ झालं, जाड तेल टाका.' दुसरं, 'पंप गेला, नवा बसवा.' पहिल्यात अर्धं सत्य आहे. दुसरं बहुतेक वेळा काहीही न तपासताच दिलेलं असतं, आणि चांगला पंप काढून नवा बसवल्यावरही नांगर खाली येतच राहतो. खरा दोष कुठे आहे हे कळायला एक छोटं गणित पुरतं. मला ते यंत्रशास्त्रातलं सर्वांत देखणं गणित वाटतं.

पास्कलचा नियम शाळेत झालेला असतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम मांडणारा पास्कलचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये या नियमाचा अर्थ असा. सिलिंडरचा व्यास 75 मिलीमीटर असेल, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 44 चौरस सेंटिमीटर होतं. तेलाचा दाब 140 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) असेल, तर पिस्टनवर सुमारे सहा टन वजनाइतका जोर येतो. लिफ्टच्या दांड्यांच्या लांबीमुळे मागच्या टोकाला त्यातला काही भागच मिळतो, तरी नांगरासाठी तो भरपूर असतो.

मात्र एक गोष्ट शाळेत सहसा सांगत नाहीत. पंप दाब 'तयार' करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला पुढे अडवणारं ओझं असतं म्हणून दाब चढतो. ढकललेलं तेल वाटेत कुठल्या फटीतून परत टाकीत जात असेल, तर ते उचलण्याच्या कामाचं राहत नाही. पंप जेवढं तेल देतो तेवढंच फटींतून निसटू लागलं, की लिफ्ट जागच्या जागी थांबते. इंजिन गुरगुरत असतं, पंप फिरत असतो आणि नांगर हलत नाही.

म्हणून सगळं लक्ष फटीवर द्यायला हवं. तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा स्पूल, म्हणजे कंट्रोल व्हॉल्वमधला गुळगुळीत दांडा, आपल्या भोकात साधारण पाच-दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) फट ठेवून बसवलेला असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. तिथे रबर नाही, रिंग नाही. धातूवर धातू आणि मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा, एवढ्यावर 140 बारचा दाब रोखलेला असतो.

आता समजा, झिजून ही फट 10 मायक्रॉनची 20 झाली. गळती दुप्पट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती आठपट होते. फटीच्या दोन्ही भिंतींना लागून असलेला तेलाचा थर भिंतीला चिकटून स्थिर राहतो, तिच्या शेजारचा थर जरासा सरकतो आणि अगदी मधला सर्वांत वेगाने धावतो. फट रुंदावली, की मधले थर भिंतींच्या पकडीपासून लांब जातात. फट दुप्पट झाली तर तेलाचा सरासरी वेग चौपट होतो. वाट दुप्पट आणि वेग चौपट, म्हणून गळती आठपट. ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट तिप्पट झाली, तर गळती सत्तावीसपट.

तापमान येतं ते इथे. गळती तेलाच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्हीजी 46 या प्रतीच्या हायड्रॉलिक तेलाचा चिकटपणा 40 अंश सेल्सिअसला 46 सेंटिस्टोक असतो (नावातला आकडा तोच) आणि 100 अंशांना जेमतेम 7 उरतो. 80 अंशांच्या आसपास तो साधारण चतुर्थांश झालेला असतो. तेव्हा झिजलेल्या स्पूलची आठपट गळती तापलेल्या तेलात बत्तीसपट होते. नव्या स्पूललाही चौपटीला तोंड द्यावं लागतं, पण मुळात गळतीच नगण्य असल्याने ते जाणवत नाही. उष्णता दोष निर्माण करत नाही, आधीपासून असलेला दोष उघड करते.

जाड तेलाचा उपाय का अपुरा पडतो तेही यातूनच कळतं. चिकटपणा दुप्पट केला तर गळती फक्त निम्मी होते, आणि घनाच्या हिशोबाने वाढलेल्या फटीपुढे ती बचत टिकत नाही. शिवाय थंड सकाळी ते जाड तेल गाळणीच्या जाळीतून पंपापर्यंत पोचायला कुरकुरतं. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब खूप उतरतो, तेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, आणि दाबाच्या बाजूला गेल्यावर ते बुडबुडे फुटून धातूला खड्डे पाडतात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेली प्रतच वापरावी.

स्पूल बाहेर काढलात तर त्यावर बारीक गोल खाचा दिसतील. रिंगा निघून गेल्या असाव्यात असं पुष्कळांना वाटतं. त्या रिकाम्याच असायच्या असतात. स्पूल भोकाच्या एका भिंतीला टेकला, तर एका बाजूची फट शून्य आणि समोरची दुप्पट होते, आणि घनाच्या नियमामुळे एकूण गळती मधोमध असलेल्या स्पूलच्या अडीचपट होते. खाचेत तेल चोहोबाजूंनी फिरतं, सगळीकडचा दाब सारखा करतं आणि स्पूल मध्यभागी तरंगत राहतो. म्हणजे धातू कोरून काढल्याने गळती कमी होते. असं काही वाचलं की मला अजून आनंद होतो.

म्हणूनच स्पूलला पॉलिश पेपर लावलेला पाहवत नाही. चकाकी येते, आणि कधीच परत न येणारे दोन-चार मायक्रॉन जातात. स्वच्छ डिझेल, लव न सोडणारं कापड आणि मोजायला मायक्रोमीटर, एवढंच त्याला लागतं. उघड्या डोळ्यांना सुमारे 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाहीत, आणि घासून नुकसान करणारे कण पाच ते पंधरा मायक्रॉनचे असतात. 'तेल साफ दिसतंय' या वाक्याला त्यामुळे अर्थ नाही.

ओ-रिंगचं, म्हणजे सील म्हणून बसवलेल्या गोल रबरी रिंगचं, काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. नील्स ख्रिस्तेन्सेन यांना तिचं अमेरिकन पेटंट 1939 मध्ये मिळालं. दाब तिला खाचेच्या कडेला ढकलून फटीवर दाबून धरतो, म्हणजे दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट बसते. जुनी रिंग कडक आणि चपटी झालेली असते, सुरुवातीची पकड देत नाही आणि मग दाबालाही तिचा आधार मिळत नाही. खनिज तेलासाठी नायट्राइल रबरच घ्यावं. ब्रेक फ्लुइडसाठीचं ईपीडीएम रबर या तेलात फुगतं.

निदानाची सुरुवात एका साध्या चाचणीने करावी. तापलेल्या तेलावर नांगर वर उचला, इंजिन बंद करा, लिफ्टची उंची खडूने खुणावा. नांगर उतरू लागला, तर त्यात पंपाचा दोष नाही, कारण तो फिरतच नाहीये. गळती चेक व्हॉल्व (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), स्पूल किंवा सिलिंडरच्या सीलमधून आहे. ही गळती लिफ्टच्या धातूच्या घराच्या (हाउसिंगच्या) आतच पडते, बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून लोक ती शोधतच नाहीत. नांगर वर टिकला पण गरम असताना उचलत नसेल, तर मात्र जाळी, ओढीच्या बाजूचे जोड, पंप आणि रिलीफ व्हॉल्व (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल परत सोडणारी झडप) पाहावेत. रिलीफ व्हॉल्व आवळून उचल वाढवू नये. झिजलेल्या फटी तशाच राहतात आणि जादा दाबाचा जोर सिलिंडरच्या बिडावर येतो.

बाटलीतल्या 'गळती बंद' द्रव्यांच्या जाहिराती जोरात असतात. त्यातली पुष्कळशी रसायनं रबर फुगवतात. सील काही काळ घट्ट वाटतो, मग मऊ पडतो. आणि धातू-धातूमधली फट रबर फुगवून बुजत नाही.

हे सगळं करताना उचललेल्या नांगराखाली जाऊ नये, खोलण्याआधी तो जमिनीवर टेकवावा. बारीक छिद्र हाताने शोधू नये. उच्च दाबाचा तेलाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि उपचाराला उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठा पुढे धरावा, त्यावर डाग उमटतो. जोडणी झाल्यावर ओझ्याशिवाय लिफ्ट बरेचदा वर-खाली करून हवा काढून टाकावी, तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि तेल तापल्यावर खडूची चाचणी पुन्हा करावी.