मेथडिस्ट मंडळी (ग्रामीण विदर्भ)

विदर्भातील तालुक्याच्या व आडवळणाच्या गावांमधील प्रोटेस्टंट ख्रिस्ती उपासक समाज. गावकरी त्यांच्या उपासनागृहाला सरसकट ‘मिशनचे चर्च’ म्हणतात, मग ते कोणत्याही पंथाचे असो.

जॉन वेस्ली (१७०३–९१) यांची इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळ विदर्भात पोचली ती अमेरिकेमार्गे, आणि तीही एकाच वाटेने नाही. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे भारतातील काम १८५६ मध्ये बरेलीपासून सुरू झाले व पुढे नागपूर-कामठीकडे आले. यवतमाळ भागात मात्र फ्री मेथडिस्ट मिशन आले. हा पंथ १८६० साली न्यूयॉर्क राज्यात वेगळा झाला. गुलामगिरीला विरोध आणि चर्चमधली बाके श्रीमंतांना भाड्याने देण्यास विरोध, ही त्यामागची कारणे होती. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या वऱ्हाडी मंडळीला यातला दुसरा वाद समजावून सांगणे जडच गेले असेल. मिशनांनी मुलूख आपसांत वाटून घेतला होता. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, बुलढाण्याकडे नाझरीन मिशन. त्यामुळे कोण कोणत्या पंथाचा, हे बहुधा आज्याच्या गावावरून ठरले, धर्मचर्चेवरून नव्हे.

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. अनेक घराण्यांची वंशावळ अशा एखाद्या पोरापाशी येऊन थांबते. त्याच्या मागचे गाव, आडनाव कुणालाच सांगता येत नाही. मंडळीतील मोठा वर्ग दलित समाजातून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, आणि १९५६ मध्ये नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकाच भाऊकीत चर्च आणि विहार दोन्ही असणे त्यामुळे इथे नवलाचे नाही. १९५६ मध्येच मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या, मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल निघाला. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता.

मेथडिस्ट पद्धतीत पाळकाची बदली होते. वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका जाहीर होतात, आणि काही वर्षांनी पास्टरसाहेबांचे सामान टेम्पोत चढते. म्हणून मंडळीचा इतिहास पाळकापाशी साठत नाही. तो जुन्या घरांपाशी, विशेषतः म्हाताऱ्या बायांपाशी राहतो. कालगणनाही तशीच चालते: ‘अमके पास्टर होते तेव्हा विहीर खोदली’, ‘मॅडम (मिशनरी बाई) बंगल्यात राहायच्या तेव्हा माझं लग्न झालं’. मिशनच्या बोर्डिंगमधली सकाळची घंटा, बायबल सांगत गावोगाव पायी फिरणारी बायबलबाई, मिशन दवाखाना यांच्या आठवणी अशाच टिकल्या. लेखी पुरावा म्हणजे बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची रजिस्टरे. मिशनऱ्यांचे अहवाल धर्मांतरितांचे आकडे देतात, पण स्वयंपाकघर कोण सांभाळत होते हे क्वचितच सांगतात. ते जाणून घ्यायचे तर या बायांनाच विचारावे लागते.

उपासनेत ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातील गीते चालतात. नारायण वामन टिळकांची पदे बहुतेकांना पाठ असतात आणि पेटी-तबल्यावर ती अभंगाच्या वळणाने म्हटली जातात. ३१ डिसेंबरच्या रात्रीची जागरण-उपासना ही वेस्लीच्या काळापासूनची प्रथा.

खरी गर्दी मात्र हंगामाच्या सणाला. वेदीपुढे कापसाची बोंडे, तुरीची पायली, ज्वारीची कणसे, भोपळे आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की लिलाव. एका अंड्यावर बोली चढत जाते, जिंकणारा ते पुन्हा दान करतो आणि बोली नव्याने सुरू होते. नोकरीपायी नागपूर-पुण्यास गेलेली मुले जमेल तेव्हा या दिवशी येतात. बोलीत त्यांना मुद्दाम उचकवले जाते, आणि चर्चच्या रंगरंगोटीची वर्गणी बरीचशी तिथेच वसूल होते.

१९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, पण मेथडिस्ट ऐन वेळी त्या ऐक्यातून बाहेर राहिले. १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाले. पाळक घडवणारी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलली.