गांडुळे व मातीतील इतर कृमी (मराठवाडा)

मराठवाड्यातील बागेची माती, उकिरडा आणि कंपोस्ट यांत राहणारे लांबट, मऊ, बिनपायाचे जीव. यांत वलयांकित अंगाची गांडुळे ठळकपणे दिसतात. सूत्रकृमी (नेमॅटोड, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यासारखे कृमी) डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत.

शेतातली आणि खताच्या बेडमधली (गांडूळखताच्या वाफ्यातली) गांडुळे वेगळी असतात, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. लॅम्पिटो मॉरिशी हे मातीत बिळे करणारे देशी गांडूळ. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की ते ओलाव्यामागे खाली उतरते आणि अंगाची गुंडाळी करून निपचित पडते. पाऊस मुरल्यावर वर येते. त्याच्या बिळांतून चिकट मातीत हवा आणि पाणी खेळते. खतासाठी पाळतात ती आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनी (मूळची आफ्रिकेतली) आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ही पृष्ठभागावर राहून शेण आणि पालापाचोळा खातात. विकत आणलेली अशी गांडुळे उघड्या वावरात सोडणे म्हणजे पैसे मातीत घालणेच. कुजते खाद्य आणि सावली नसेल तर ती टिकत नाहीत. पेरिओनिक्सचा तर पावसाळी रात्री बेड सोडून जाण्याचा स्वभावच आहे.

गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेते, म्हणून इथल्या चाळिशीपार उन्हात बेडवर छप्पर आणि ओले बारदान हवेच. ताजे शेण कुजताना तापते. ते पंधरा-वीस दिवस मुरवूनच घालतात. मुंग्या आणि कोंबड्या हे नेहमीचे शत्रू.

कंपोस्ट फार ओले किंवा आंबट झाले की धाग्यासारख्या बारीक पांढऱ्या कृमी वाढतात. त्याही कुजवण्याचेच काम करतात.

बहुतेक सूत्रकृमी जिवाणू-बुरशीवर जगतात. मुळांवर गाठी करणारी मेलॉइडोगायन ही जात मात्र टोमॅटो, वांगी आणि डाळिंबाला पिडते. हरभऱ्याच्या मुळावरील, पिकाला नत्र पुरवणाऱ्या उपयोगी गाठी बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ ही मूळच फुगून झालेली असल्याने सुटत नाही.

हुमणी ही कृमी नव्हे, भुंगेऱ्याची अळी. तपकिरी डोके, वाकडे पांढरे अंग आणि पायांच्या तीन जोड्या यांवरून ती ओळखू येते. उकिरड्यात सापडणारी तशीच जाड अळी गेंड्या भुंग्याचीही असू शकते. हुमणी पिकांची मुळे कुरतडते. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर ती शेतात पोचते, म्हणून खत पसरताना अळ्या वेचून काढतात.