सहा सिलिंडर इंजिनाची ताकदवाढ (सीमाभागातील मालट्रक)

जुन्या, बहुधा बिनटर्बोच्या (हवा दाबून आत ढकलणारे यंत्र नसलेल्या), सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनातून मूळ अश्वशक्तीपेक्षा जास्त शक्ती मिळावी म्हणून केलेले बदल. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागातल्या गॅरेजांत मालक मिस्त्रीला एवढेच सांगतो, ‘गाडी ओढत नाही.’ ओढ आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या गल्लतीतून बराच पैसा वाया जातो. ओढ म्हणजे क्रँकला, पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, बसणारा पीळ, म्हणजेच टॉर्क. हाच पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी मिळतो, ते धरले की ताकद ठरते.

या भागात जुने सहा सिलिंडर म्हटले की आधी टाटाचे इंजिन डोळ्यांपुढे येते. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि पंधरा वर्षे चालला. त्याच परंपरेतून पुढे ६९२ आणि ६९७ ही इंजिने आली. नावातच माहिती आहे: पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे. ६९७ मध्ये बोअर ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) १२८ मिमी आणि एकूण घनफळ ५,६७५ घन सेंमी. गाडीच्या नावातही तीच रीत; १६१२ म्हणजे ढोबळमानाने १६ टन एकूण वजन आणि १२० अश्वशक्ती. लेलँडच्या गाड्यांत हिनो घराण्याची सहा सिलिंडर इंजिने आहेत. हमरस्त्यावरच्या लांब पल्ल्यावरून उतरलेल्या अशा गाड्या उतारवयात संकेश्वर-निपाणीकडच्या कारखान्यांचा ऊस, खानापूरची कौले-विटा आणि चिरे वाहतात.

एका रांगेतले सहा सिलिंडर हा मुळातच समतोल मांडणीचा नमुना आहे. दर १२० अंशांना एक स्फोट, पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४, आणि पिस्टनांच्या खाली-वर होण्याने निर्माण होणारे प्रमुख झटके एकमेकांना मारून टाकतात. त्यात सात मेन बेअरिंगांचा क्रँक असला की थोडा जादा भार हे इंजिन निमूटपणे सोसते. ताकदवाढीचा मोह इथूनच सुरू होतो.

मोहाचा हिशेब आधी मांडलेला बरा. गोव्याच्या पायथ्याकडून घाट चढताना ७०० मीटर उंची धरली, तर १६ टनांची गाडी नुसती वर उचलायला सुमारे ३० युनिट ऊर्जा लागते. (वीजबिलातले युनिट, एक किलोवॅट-तास.) १२० अश्वशक्ती, म्हणजे ८८ किलोवॅट, पूर्णपणे या कामी लागली तर २१ मिनिटे. १५० अश्वशक्ती केली तर १७. गिअर, टायर आणि वळणे यांमुळे खरा वेळ यापेक्षा बराच जास्त लागतो. पण फरकाचा अंदाज येतो. चार मिनिटांसाठी इंजिन खोलायचे का, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारावा, मिस्त्रीला नव्हे.

बहुतेक वेळा वाढ हवीच नसते. गेलेली ताकद परत हवी असते. झिजलेल्या रिंगा, बसलेले व्हॉल्व्ह सीट, चुकलेले टॅपेट, टपकणारे नोझल आणि धुळीने भरलेला एअर फिल्टर यांनी इंजिन हळूहळू निम्म्या जिवाचे होते. डिझेलचा पंप टेस्ट बेंचवर चढवून सहाही प्लंजर, म्हणजे सिलिंडरांना डिझेल ढकलणारे दट्टे, सारखे डिझेल देतात का हे पाहणे, हे सगळ्यांत कमी कौतुकाचे आणि सगळ्यांत उपयोगी काम. इकडे अशा एका रांगेतल्या दट्ट्यांच्या इनलाइन पंपाला अजूनही ‘मायको पंप’च म्हणतात; १९५१ साली बेंगळुरात सुरू झालेल्या कंपनीचे ते नाव, आता ती बॉश आहे. बोअर करून इंजिन मोठे होते ही समजूतही इथलीच. ९७ मिमीचा बोअर ०.५ मिमीने वाढवला तर घनफळ जेमतेम एक टक्क्याने वाढते. बोअरिंग झीज काढण्यासाठी असते, ताकदीसाठी नाही.

खऱ्या वाढीचा सोपा आणि फसवा रस्ता म्हणजे पंपाचा स्क्रू. रॅकची (डिझेलचे माप ठरवणाऱ्या दांडीची) मर्यादा थोडी सैल केली की प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल जाते आणि ड्रायव्हर खूश होतो. पण डिझेल इंजिनात ताकद ठरते ती आत आलेल्या हवेवर. वजनाने एक भाग डिझेल नीट जळायला साडेचौदा भाग हवा लागते. मिसळायला वेळ थोडा म्हणून बिनटर्बोच्या इंजिनाला प्रत्यक्षात याहून बरीच जास्त द्यावी लागते. ती मर्यादा ओलांडली की उरलेले डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जाते आणि पिस्टन तापतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांनी विरळ, म्हणून खाली पणजीत स्वच्छ चालणारी गाडी घाटमाथ्यावर धूर ओकते. त्यात पंपाचा काहीच दोष नसतो.

म्हणून विचारपूर्वक केलेली वाढ टर्बोपासून सुरू होते. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून आत ढकलते. मात्र दाबलेली हवा तापते. ३० अंशांच्या हवेवर ०.५ बारचा दाब चढवला की ती साधारण ९० अंशांवर जाते आणि दाब दीडपट होऊनही हवा पंचवीस टक्क्यांच्या आसपासच जास्त भरते. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, ती ५० अंशांवर आणली तर वाढ चाळीस टक्क्यांजवळ पोहोचते. मेळ असा बसला, तरच पंपाचे डिझेल वाढवावे. तेही बूस्ट कॉम्पेन्सेटर लावून, म्हणजे दाब चढेपर्यंत डिझेल आवरलेले राहते.

भंगार बाजारातून उचललेला टर्बो नुसता बोल्ट करून चालत नाही. तेलाची परतीची नळी उताराने खाली गेली पाहिजे, नाहीतर सील जाते. कंपनीच्या टर्बो इंजिनांत बहुधा पिस्टनवर खालून तेलाचा फवारा असतो. बिनटर्बोच्या जुन्या ब्लॉकात तो नसेल तर पिस्टनची उष्णता जायला रस्ता नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी पिस्टन नरम पडतो. रेडिएटर साफ नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवयही सोडावी. त्याने इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. चढ संपल्यावर घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी थांबताना ड्रायव्हरने मिनिटभर इंजिन चालू ठेवले तर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळत नाही. एवढा संयम चहाच्या वासापुढे टिकत नाही, हा भाग निराळा.

इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू फिरवून फेरे वाढवणे हा सगळ्यांत वाईट मार्ग. फेरे दहा टक्के वाढले की कनेक्टिंग रॉडवरचा झटका एकवीस टक्क्यांनी वाढतो.

इंजिनाला हात न लावता ओढ वाढवता येते. मागच्या ॲक्सलमधल्या ६ दातांच्या पिनियनवर (छोट्या चक्रावर) ३७ ऐवजी ४१ दातांचा क्राउन (मोठे चक्र) बसवला तर चाकाला मिळणारी ओढ जवळपास अकरा टक्क्यांनी वाढते. किंमत एवढीच, की हमरस्त्यावर वेग तितका उतरतो. घाटातून चिरे वाहणाऱ्याला त्याचे दुःख नसावे. क्लच मात्र आधी बघावा. वाढवलेल्या ताकदीची पहिली तक्रार बहुधा तिथूनच येते.

बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे उद्यमनगर या दोन्ही ठिकाणी ओतकाम आणि यंत्रकाम चालते, त्यामुळे हेड प्लेन करणे किंवा क्रँक ग्राइंड करणे यासाठी सीमेच्या अल्याड-पल्याड कुठेही जाता येते. कागदपत्रे मात्र तशी ओलांडता येत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि दुसरे इंजिन बसवायचे तर परवानगी व नोंद लागते. ६९७ काढून ५.९ लिटरचे कमिन्स बसवले, तर केए-२२ ची गाडी बेळगावच्या आणि केए-२३ ची चिकोडीच्या आरटीओकडे न्यावी लागते, काम कोल्हापुरात झाले असले तरी. ब्लॉक बदलला की त्यावर कोरलेला नंबर बदलतो, आणि तपासणी नाक्यावर आरसी बुकाशी ताडून पाहतात तो तोच नंबर.