स्टीलच्या काउंटरवर टॅग का रुसतो?

जळगावातल्या एखाद्या शेवभाजीच्या हॉटेलात गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोड निरखून पाहिला, तर त्यावर रश्श्याचे तेलकट डाग दिसतात, एखादा कोपरा सोललेला असतो, आणि तरीही गिऱ्हाइकाचा मोबाइल तो क्षणात वाचतो. हा चिवटपणा कोडाला जन्मापासून मिळालेला आहे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला; कारखान्यात तेलाचे हात लागणार हे गृहीत धरून त्यात माहितीसोबत जादा गणिती खुणा पेरल्या जातात, ज्यांच्या आधारे सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के मजकूर बिघडला तरी तो पुन्हा उभा करता येतो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन, ज्यांवरून कॅमेरा कोड ओळखतो, त्यांना हे संरक्षण नाही. सोललेला कोपरा खालचा उजवा असेल, तर नशीब म्हणायचे.

याच कामासाठी कोडाऐवजी लावता येणाऱ्या एनएफसी टॅगची, म्हणजे फोन टेकवून वाचायच्या चिकटचिठ्ठीची, गोष्ट वेगळी. त्यात बॅटरी नसते. असते ती एक बारीक चिप आणि तिच्याभोवती धातूचे वेटोळे. फोन १३.५६ मेगाहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यातून वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होऊन उत्तर देते. अंतर वाढताच हे क्षेत्र झपाट्याने क्षीण होते, म्हणून फोन काही सेंटिमीटरवर आणावा लागतो.

आपल्याकडे अडचण इथेच येते. हॉटेलचा काउंटर स्टीलचा, कपाट पत्र्याचे, शटर लोखंडी. अशा धातूवर साधा टॅग थेट चिकटवला, की फोनच्या क्षेत्रामुळे पत्र्यातही प्रवाह फिरू लागतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि टॅग मुका होतो. पाठीला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असलेले टॅग धातूवर चालतात, पण ते महाग पडतात. शिवाय पुष्कळशा स्वस्त फोनांत एनएफसीच नसते, आणि असले तरी फोनची नेमकी कोणती बाजू टेकवायची, हे गिऱ्हाइकाला शोधावे लागते.

म्हणून हॉटेल, किराणा किंवा रावेरच्या केळीच्या खोक्यांसाठी माझे मत कोडाच्या बाजूने आहे. खोक्यावरच्या छपाईत तो जवळजवळ फुकट बसतो. लिंक तेवढी आखूड ठेवावी, कारण ती जितकी लांब तितके चौकोन बारीक आणि लांबून वाचणे अवघड. सराफाच्या पेढीत मात्र टॅग शोभतो: गिऱ्हाईक निवांत बसलेले असते, काउंटर काचेचा असतो आणि चकाकणाऱ्या दिव्यांत कॅमेऱ्याची कसरत वाचते.

कोडावर दुसऱ्याचा कोड चिकटवून पैसे वळवण्याची फसवणूक होते, त्यामुळे दुकान उघडताना तो रोज स्वतःच्या फोनने तपासावा. टॅगमधला मजकूर कायमचा कुलूपबंद करता येतो, पण त्याच्यावरही दुसरा टॅग डकवता येतोच. टॅग घ्यायचाच असेल, तर पाठीचा कागद न काढता तो आधी आपल्या काउंटरवर ठेवावा आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनांनी वाचून पाहावा.